दादाच्या हातातलं पिस्तूल

दादा, आज सकाळी तुला चावडीसमोर बघितलं आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

माणसापेक्षा उंच पत्रा आहे. पेंटरनं त्यावर तुला रंगवलंय. मिशा तुझ्या नाहीत, छातीही तुझी नाही. पलटण सोडून इतकी वर्षं झाली तरी अंगात लष्करी वर्दी चढवलीय. आणि उजव्या हातात पिस्तूल, ताणून समोर धरलेलं, नळीतून धूर निघतोय. खाली लाल अक्षरात लिहिलंय, कुवेतच्या मातीत तीन शत्रूंना कंठस्नान घालणारे आपले वीर. उद्या तुझी शोकसभा आहे. त्या पत्र्याला हार घालायचे आणि मग तो एसटी स्टँडवर लावायचा, असं नानांनी ठरवलंय. आपले चुलते सरपंच झाल्यापासून गावातलं सगळं त्यांनीच ठरवायचं असतं.

तीन! कुणी मोजले रे तीन? मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं. पारावर कुणीतरी एक म्हणाला असेल, वेशीपर्यंत जाईतो तीन झाले. नाना मला म्हणाले, शालन, तू बहीण आहेस, तिथं कुवेतमध्ये सोबत होतीस, दोन शब्द तूच बोल, आणि ते तिघांचं तेवढं नीट रंगवून सांग. गावाशी बोलायच्या आधी मला तुझ्याशी भांडायचंय. तुझं माझं भांडण जुनं आहे आणि ते तू अर्धवट टाकून गेलास.

ती मॅच आठवते का? आठवतच असेल, तुझ्याच डोक्यातून निघालेलं खूळ. पलटणीत तू हत्यारं शिकवणारा उस्ताद होतास. हवालदार म्हणून रिटायर झालास आणि मी कुवेतमध्ये नर्स होते म्हणून माझ्यामागून तिकडं आलास. अबू फहद नावाच्या व्यापाऱ्यानं जहरा गावाच्या पलीकडं वाळवंटात हौसेनं पिस्तुलाची रेंज बांधली होती, तिथं तुला ठेवलं. तिथंही सगळे तुला उस्तादच म्हणायचे. गोल टिकल्यांवर नेम धरून धरून त्या श्रीमंत लोकांना कंटाळा आला, तेव्हा तू म्हणालास, आता बचावाची मॅच ठेवू. घरात चोर शिरले तर काय करशील, ते दाखव म्हणावं.

थंडीतला शुक्रवार होता. मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसले होते. तू प्लायवुडची बैठकीची खोली उभी केली होतीस, छप्पर नसलेली. मधे एक खुर्ची. खुर्चीत बसायचं, हातात चहाचा पेला धरायचा, पिस्तूल कमरेला, कोटाखाली. शिट्टी वाजली की सुरू, घरच्यांना घेऊन जिवंत बाहेर यायचं. समोर पुठ्ठ्याची माणसं. मातकट रंगाची ती चोर, पांढरी ती घरची. चोराला गोळी लागली तर बरं, घरच्या माणसाला लागली तर मोठा दंड. आडोसा सोडून उघड्यावर आलास तरी दंड. घरची माणसं खरी वाटावीत म्हणून तू एका पुठ्ठ्याला काळा अबाया, तिथल्या बायकांचा पायघोळ झगा, घातलास आणि दुसऱ्याला माझा जुना पांढरा युनिफॉर्म. मला न विचारता! ट्रंकेतून उचलून नेलास. मी भडकले, तर म्हणतोस, अगं, तुझ्यासारखं कुणीतरी आत आहे म्हटल्यावर लोक जरा जपून मारतील.

कसले जपून. सगळ्यांचं लक्ष स्टॉपवॉचवर. एका जाड व्यापाऱ्यानं शिट्टीसरशी गरम चहा मांडीवर ओतून घेतला, त्याला मलमपट्टी मीच केली. एक इंग्रज इंजिनिअर विजेसारखा उठला, सगळे चोर लोळवले आणि चोरांबरोबर अर्धं घरही. गोळी पुठ्ठ्यातून आरपार जाते आणि मागं उभा असतो त्याला लागते, एवढं साधं कुणाच्या ध्यानात येईना. तू प्रत्येकाला तेच सांगत होतास, आधी चोराच्या मागं कोण उभं आहे ते बघा. ऐकतोय कोण! दुपारपर्यंत माझ्या युनिफॉर्मची चाळण झाली.

बक्षीस वाटल्यावर तू सगळ्यांना परत त्या खोलीत नेलंस. खुर्चीत बसलास, पेला हातात घेतलास, आणि उठून मागं वळलास. मागच्या भिंतीत एक हिरवं दार होतं. शुवैखच्या भंगारवाल्याकडून आणलेलं, पितळी मुठीचं. ते तू ढकललंस, दाराशेजारचं पुठ्ठ्याचं पोर काखेत मारलंस आणि बाहेर पडलास. चहाचा थेंब सांडला नाही. फेरी मारून समोर आलास आणि तुझ्या त्या पलटणीच्या हिंदीत म्हणालास की हे दार सकाळपासून उघडं होतं. घरच्यांना घेऊन जिवंत बाहेर या, एवढंच सांगितलं होतं. गोळी झाडाच असं कुणी म्हणालं होतं?

लोक चिडले. इंजिनिअर म्हणाला ही फसवणूक आहे. मलाही तसंच वाटलं, मी तुला मराठीत सुनावलं. मग सगळे गेल्यावर तू पिस्तूल माझ्या हातात दिलंस. म्हणालास, तुला तर दार ठाऊक आहे, बस खुर्चीत. शिट्टी वाजवलीस. आणि दादा, मला दार ठाऊक असून मी उठले आणि समोर गोळी झाडली. चोराच्या पोटातून ती माझ्याच युनिफॉर्मच्या खिशात घुसली. तू त्या भोकात बोट घालून हलवलंस आणि म्हणालास, "शालू, हातात पिस्तूल आलं की माणसाला दार दिसत नाही."

तुझ्या तोंडचं हे वाक्य मी विसरले नाही. पण त्यावर मी तुला एक विचारलं होतं, ते तू सोयीनं विसरलास. मी म्हणाले, दार एक आणि माणसं पुष्कळ, सगळी एका वेळी त्यातून कशी जातील? मागं राहतील त्यांचं काय? तू वाकून गोळ्यांची टरफलं वेचत राहिलास. मी परत विचारलं तर म्हणालास, चल, उशीर झाला, तुला खैतानला खोलीवर सोडतो.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौज कुवेतमध्ये शिरली. अबू फहद उन्हाळ्याचा लंडनला गेलेला, तो तिकडंच अडकला. जहराच्या घरात त्याची म्हातारी आई, तिला सगळे यम्मा म्हणायचे, तरणी सून आणि लहान पोरं. तू आपलं बोचकं उचललंस आणि त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन राहिलास. आमच्या हॉस्पिटलातून खाटा, औषधं, मशिनं ट्रकमध्ये चढत होती आणि आम्ही नर्सेस भिंतीला पाठ लावून बघत होतो. रस्त्यात कुणाच्या अंगावर, घरात कुणाच्या हत्यार सापडलं तर दारातच संपवतात, हे पोराटोरांना ठाऊक झालं होतं. तू रेंजची सगळी पिस्तुलं वाळवंटात पुरून आलास. मला तसं सांगितलंस.

मग भारतीयांसाठी बस निघायला लागल्या. बसरा, बगदाद, पुढं जॉर्डन आणि तिथून विमान. माझं नाव लागलं, तुझंही लागत होतं. खैतानच्या रस्त्यावर बस उभी होती. तू पाण्याचे कॅन घेऊन आलास, खुबूसच्या रोट्यांची चळत फडक्यात बांधून आणलीस, माझी बॅग टपावर स्वतः चढून बांधलीस. मी तुझी बाही धरली आणि म्हणाले, चल. तर तू मिठाची गोष्ट सुरू केलीस. खाल्ल्या मिठाला जागायला पाहिजे, म्हातारी एकटी आहे, साहेब आला की निघतो. मीही त्या देशाचं मीठ खाल्लंय रे, तुझ्यापेक्षा जास्त वर्षं! वहिनीच्या हातचं खाल्लंस त्या मिठाचं काय? हे मी सगळ्या बससमोर ओरडून बोलले. बायका खिडकीतून बघत होत्या. तू हसलास आणि म्हणालास, पुढच्या बसनं येतो.

मी विचारलं, सगळी पुरलीस ना? तू म्हणालास, सगळी.

मी तुझ्या पाया पडले आणि बसमध्ये चढले. आपल्यात थोरल्या भावाला मिठी मारायची रीत नाही. शेजारच्या सीटवरची केरळची नर्स आपल्या भावाच्या गळ्यात पडून रडत होती, मला ते जरा जास्तच वाटलं. तशी मी तुझ्या गळ्यात पडले असते तर माझा हात तुझ्या कमरेला लागला असता. मग त्या बसमध्ये मी चढले नसते आणि ते लोखंड खेचून पहिल्या गटारात टाकलं असतं. आपल्या रीतीभातींचा मला आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता.

पुढची बस आली, गेली. तू आला नाहीस. मग लढाई सुरू झाली, संपली. रेडिओला कान लावून वहिनीची आणि माझी अख्खी थंडी गेली. तेलाच्या विहिरी जळतायत हे कळायचं, तुझं काही कळायचं नाही.

परवा हसनभाई आले. तुझे रत्नागिरीचे हसनभाई, जहरातल्या बकाल्यावाले, म्हणजे किराणावाले, ज्यांच्या दुकानातून तू मला सुके बोंबील आणायचास. शेवटपर्यंत तिकडंच होते. मुंबईला उतरले ते घरी न जाता आधी आपल्याकडं आले, विचारत विचारत. पडवीत बसले, पाणी प्यायले, आणि मान खाली घालून सांगायला लागले. वहिनी आतल्या दाराआड उभी होती, ते त्यांना दिसत होतं, म्हणून फार हळू बोलत होते.

सकाळची वेळ होती म्हणाले. अबू फहदच्या घरासमोर, रस्त्यापलीकडं पावाची भट्टी, तिथं बायकापोरांची रांग लागलेली. हसनभाई त्याच रांगेत. शिपाई आले आणि घराचं दार ठोठावलं. तू उघडलंस. अर्धंच उघडलंस आणि मधे उभा राहिलास. साहेब कुठं, हत्यारं कुठं, असं ते विचारत होते आणि तू तुझ्या त्या मोडक्या अरबीत चहाचं विचारत होतास. बसा, चहा टाकतो, साखर किती. हसनभाईंना वाटलं याचं डोकं फिरलं. त्यांना तेव्हा काय माहीत, आत यम्मा, सून आणि पोरं स्वयंपाकघराच्या दारातून शेजारच्या अंगणात निघाली होती. म्हातारीचे गुडघे दुखायचे, तिला वेळ लागत होता.

मग एका शिपायानं तुला धक्का दिला. हसनभाई म्हणाले, "ताई, त्यांचा हात कमरेपाशी गेलेला मी बघितला. मग त्यांची नजर शिपायांच्या खांद्यावरून आमच्या रांगेवर आली. मी त्यांच्या अगदी समोर होतो. हात तसाच वर आला आणि परत दाराच्या मुठीवर गेला."

एवढं बोलून त्यांना रडू आवरेना. पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. शिपायांनी तुला ओढून बाहेर काढलं, झडती घेतली, पिस्तूल सापडलं. बस्स. शेजाऱ्यांनी संध्याकाळी तुला तिथंच मूठमाती दिली, हसनभाईंनीही दिली. यम्मा आणि पोरं वाचली. सून वाचली. रांगेतला एकही माणूस दगावला नाही. जाताना हसनभाई माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले, जणू जगले हा त्यांचा गुन्हा. मी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या माणसावर रागवू तरी कशी? म्हणून सगळा राग तुझ्यावर.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हातात पिस्तूल आलं की दार दिसत नाही, हे तूच सांगितलंस ना? मग पुरताना एक मागं का ठेवलंस? हसनभाई स्वतः म्हणाले, ते सापडलं नसतं तर दोन थपडा मारून कदाचित सोडलं असतं, तसं बऱ्याच जणांना सोडलं होतं. ज्या लोखंडाचा तुला काडीचा उपयोग झाला नाही त्या लोखंडानं तुझा जीव घेतला. आणि माझ्या तोंडावर खोटं बोललास. सगळी पुरली म्हणालास, पाया पडणाऱ्या बहिणीला. लाज नाही वाटली?

का ठेवलंस ते मला कळतं, हे त्याहून वाईट. घरात तरणी सून होती. त्या दिवसांत हॉस्पिटलात कुठल्या बायका कशा अवस्थेत येत होत्या ते मी माझ्या हातानं धुतलंय, पुसलंय. ते मीच तुला सांगितलं होतं. ते ऐकूनच तू एक कमरेला ठेवलं असशील. कळतं मला. कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे? ऊन पडलं की धुणं वाळतं तसा राग वाळत नाही.

आणि मॅचच्या नियमानं बघायचं तर तू हरलास, हेही ऐकून ठेव. आडोसा सोडून दारात उघडा उभा राहिलास. दुसरं कुणी तसं उभं राहिलं असतं तर तू शिट्टी फुंकून फुंकून जीव काढला असतास. दार एक, माणसं पुष्कळ, मागं राहतील त्यांचं काय, हे मी विचारलं तेव्हा टरफलं वेचत बसलास. त्याचं उत्तर असं द्यायचं होतं होय? मला सांगायचंस. मी तेव्हाच तुझ्याशी भांडले असते.

तुझ्या नजरेला मात्र दाद देते, दादा. ढकलाढकलीत, शिव्या खाताना, मरण हातभर अंतरावर असताना तू चोराच्या मागं कोण उभं आहे ते बघितलंस. आमच्यापैकी एकालाही मॅचमध्ये ते जमलं नाही, तिथं तर नुसते पुठ्ठे होते. हसनभाईंनी परवा आपल्या पडवीत बसून भाकरी मोडून खाल्ली. त्यांच्या बोटांकडं बघत मी मनातल्या मनात तुला नमस्कार केला. तेवढाच. जास्त करणार नाही, फुगशील.

तर आज सकाळी तो पत्रा बघून मी तशीच चावडीत शिरले आणि नानांना सगळं सांगितलं. नाना म्हणाले, अगं, कमरेला हत्यार असून माणसानं काहीच केलं नाही, हे काय गावाला सांगायचं? आपलं गाव पलटणीचं. पोरं काय शिकतील यातून? मी म्हणाले, काहीच केलं नाही? घरभर माणसं बाहेर काढली, रांगभर माणसं वाचवली, हे काही नाही? तर म्हणाले, ते खरं, पण ते रंगवून कसं दाखवायचं? तीन शत्रू दाखवता येतात. शिवाय तुझ्या वहिनीचा विचार कर, तिला तेवढाच आधार.

हसनभाई गेल्यापासून वहिनी एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिला कशाचा आधार वाटतोय ते मला ठाऊक नव्हतं. तीन मारून गेले, असं म्हणून तिला झोप लागत असेल तर ती मोडणारी मी कोण?

एवढ्यात वहिनीच आली. डोक्यावरून पदर, एका हातात रॉकेलची बाटली, दुसऱ्या हातात चिंधी. चावडीवर ती उभ्या आयुष्यात चढलेली मी बघितली नव्हती. पुरुष उठून बाजूला झाले. ती सरळ पत्र्यापाशी गेली, तुझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, मग खाली हाताकडं. मला म्हणाली, "वन्सं, पुसा ते. त्यांच्या हातात ते मला बघवत नाही. त्यापायीच गेले ते."

मी पुसलं. रंग ओला होता, सहज निघाला. आधी धूर गेला, मग नळी, मग घोडा. खालची लाल अक्षरं वहिनीनं पुसली. लिहितावाचता येत नाही तिला, पण ओळ बरोबर शोधली. नाना काहीतरी बोलत होते, कुणी ऐकलं नाही. शेवटी तुझी नुसती मूठ उरली, हवेत काहीतरी घट्ट धरल्यासारखी.

पेंटर बिचारा कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, ताई, हात असा रिकामा बरा दिसत नाही, काय काढू यात? मी म्हणाले, दाराची मूठ काढ, पितळी. आणि दार हिरवं कर. तो म्हणाला, उघडं काढू की लावलेलं? मी वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, उघडं काढ, माणसं जाऊ देत.

उद्या सभेत मी बोलणार आहे. तुझ्या कमरेला पिस्तूल होतं आणि ते तू काढलं नाहीस, हे सांगणार. आणि ते तू मुळात ठेवायलाच नको होतंस, हेही सांगणार. दोन्ही सांगणार, नाना कितीही डोळे वटारोत. तुझी बाजू मांडायला तिथं कुणी नसेल, ते मला माहीत आहे. पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.